बातमी आधी, माणूस मागून

जालन्यासारख्या गावात हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. घरातले वडीलधारे माणूस गेलेले असते. अंगणात सतरंजी टाकलेली असते, गल्लीतली माणसे येऊन टेकत असतात. कोणीतरी हलक्या आवाजात विचारतो, "किती वाजता न्यायचं?" उत्तर येते, "थोरला निघालाय अमेरिकेतून. विमानात बसला." मग जमलेले सगळे मनातल्या मनात हिशोब करू लागतात. न्यूयॉर्क ते मुंबई पंधरा तास. मुंबईत उतरून बाहेर पडायला दीड-दोन तास. तिथून गाडीने जालना. म्हणजे उद्या संध्याकाळ. बर्फाची पेटी मागवलेली असते, आणि ती उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल का, याचीही चौकशी होते.

या हिशोबात किलोमीटर कुठेच येत नाहीत. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे, हे त्या अंगणात कोणाला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. सगळे जण तास मोजत असतात. ज्या बातमीमुळे थोरला निघाला, ती मात्र त्याला काही सेकंदांत मिळालेली असते. बातमी पोचणे आणि माणूस पोचणे यांच्यामध्ये जो काळ जातो, त्याला खरे अंतर म्हणावे असे मला वाटते. त्या अंतराचा इतिहास शोधू लागलो, तर जालना जिल्ह्याच्या मातीतच त्याचे बरेच पुरावे सापडतात.

हाकेपासून मजलेपर्यंत

आपल्या भाषेतले अंतराचे जुने शब्द पाहा. 'कोस' हा संस्कृत 'क्रोश' या शब्दावरून आला. क्रोश म्हणजे हाक. हाक जिथवर ऐकू जाते तेवढे अंतर, हा त्याचा मूळ भाव. 'योजन' हा शब्द 'युज्' म्हणजे जुंपणे या धातूशी जोडलेला आहे. बैल किंवा घोडे एकदा जुंपले की न सोडता जेवढी वाट चालतात, ते योजन. 'मजल' हा 'मंझिल' या अरबी शब्दावरून आला. एका दिवसात चालून जिथे मुक्काम पडतो ती मजल. 'मजल दरमजल' ही आपली नित्याची शब्दजोडी याच प्रवासातून आली.

या तिन्ही शब्दांत अंतर मोजण्याचे साधन म्हणजे जिवंत शरीर आहे. माणसाचा गळा, बैलाचा दम, चालणाऱ्याचे पाय. त्यामुळे कोस प्रदेशाप्रदेशांत कमीजास्त होत असे आणि घाटातली मजल मैदानातल्या मजलेपेक्षा आखूड पडे. आजच्या मोजणीच्या दृष्टीने ही माप-पद्धत ढिसाळ ठरेल. पण प्रवाशाला जे हवे असते, म्हणजे 'मी कधी पोचेन', ते ही मापे किलोमीटरपेक्षा प्रामाणिकपणे सांगत.

भोगवर्धनची वाट

जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनच्या माणसांची नावे आहेत. पैठणहून उज्जैनकडे जाणारा व्यापारी मार्ग या भागातून जात होता. गोदाकाठचा माल उत्तरेकडे जायचा तो भोगवर्धनवरून, अजिंठ्याचा घाट उतरून.

हा प्रवास किती दिवसांचा होता? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो, की बारिगाझा म्हणजे भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर येते, असेही तो नोंदवतो. त्याने आकडे दिले ते दिवसांचे दिले, कारण माल खरेदी करणाऱ्याला तेच उपयोगाचे होते. भडोचच्या बंदरात जहाज किती काळ उभे ठेवायचे, हे त्यावरून ठरणार होते.

पुढची वाट समुद्राची. पाऊसवाऱ्याचे चक्र ओळखलेले खलाशी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात इजिप्तच्या बंदरातून निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भारताचा किनारा गाठत. परतीला ईशान्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. म्हणजे भोगवर्धनमधून निघालेली वस्तू रोमन जगात पोचायला बरेच महिने लागत आणि त्यातले कित्येक महिने निव्वळ वाऱ्याची वाट पाहण्यात जात.

तरी वस्तू पोचत. १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. वितीएवढी मूर्ती, अंगावर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. १९७० च्या दशकात शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांनी भोकरदनचे उत्खनन प्रसिद्ध केले, तेव्हा तिथे मिळालेली एक हस्तिदंती मूर्ती या पाँपेईच्या मूर्तीशी विलक्षण साम्य दाखवते असे दिसून आले. पाँपेईची मूर्ती याच परिसरात घडली असावी असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते मान्य केले नाही, तरी एकाच शैलीच्या दोन मूर्ती दोन टोकांना मिळाल्या, हे उरतेच.

भोकरदन आणि पाँपेई यांच्यातले पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर साधारण ६,१५० किलोमीटर भरते. आजच्या प्रवासी विमानाला हे अंतर सुमारे आठ तासांचे. पण त्या काळी मूर्ती गेली, मूर्तीबरोबर ती घडवणाऱ्याची काही खबर गेली नसेल. वस्तू, माणूस आणि बातमी या तिघांचा वेग तेव्हा जवळपास सारखाच होता. जे काही जायचे ते गाडीच्या आणि शिडाच्या वेगाने जायचे.

चाळीस दिवस

बातमी माणसापेक्षा वेगाने धावू लागली, त्याचे एक स्पष्ट वर्णन चौदाव्या शतकातले आहे, आणि तेही आपल्याच शेजारचे. महंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला. पुढे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीला आला. त्याने दिल्ली ते दौलताबाद ही वाट चाळीस दिवसांची असल्याचे लिहून ठेवले आहे.

त्याच बतूताने सुलतानाच्या डाकव्यवस्थेचेही वर्णन केले आहे. घोड्यांची डाक होती आणि पायी धावणाऱ्यांची होती. मैलाच्या एक तृतीयांश अंतरावर धावपट्ट्यांचे ठाणे असे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात काठी आणि काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज आला की पुढच्या ठाण्यावरचा माणूस कंबर कसून उभा राही. सिंधमधून दिल्लीला जायला माणसाला पन्नास दिवस लागत, बातमी मात्र पाच दिवसांत पोचे, असे तो सांगतो. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणीही याच व्यवस्थेने आणले जाई.

पन्नास आणि पाच. म्हणजे बातमीचा वेग माणसाच्या दसपट. हा वेग यंत्राने आलेला नव्हता. शेकडो माणसांनी प्रत्येकी थोडेथोडे धावून तो उभा केला होता. एकट्या माणसाला हा वेग मिळत नसे, कारण त्याला दमल्यावर थांबावे लागे. पत्र दमत नाही.

आज चिकलठाणा विमानतळ ते दिल्ली विमानतळ हे सरळ अंतर साधारण ९८० किलोमीटर आहे आणि विमान दोन तासांच्या आत-बाहेर पोचते. दौलताबादचा किल्ला चिकलठाण्यापासून गाडीने पाऊण-एक तासावर. तुघलकाची चाळीस दिवसांची वाट आता सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचण्याइतकी झाली आहे. पण त्या वाटेने स्थलांतर करावे लागलेल्या दिल्लीकरांच्या हालअपेष्टा बतूताने आणि इतिहासकारांनी नोंदवल्या आहेत. चाळीस दिवस हा आकडा ज्याला सक्तीने चालावे लागते त्याच्यासाठी निराळा असतो आणि ज्याचे पाणीसुद्धा धावत येते त्याच्यासाठी निराळा.

सहा मैलांची चूक

जालना जिल्ह्यात अंतराच्या अंदाजाने एक मोठी लढाई घडवली. सप्टेंबर १८०३ मध्ये दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या दोन फौजा दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या मागावर होत्या. २१ सप्टेंबरला दोघांची बदनापूरला भेट झाली. डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी जायचे आणि २४ तारखेला एकत्र येऊन हल्ला करायचा, असे ठरले. मराठी फौज भोकरदनच्या आसपास असल्याची खबर होती.

२३ तारखेला दिवसभराची मजल मारून वेलस्ली मुक्कामावर पोचला. तिथे धान्य वाहणारे काही बंजारे त्याच्या स्वारांच्या हाती लागले. त्यांच्याकडून कळले, की मराठी तळ वाटला होता तितका दूर नसून अवघ्या सहा मैलांवर, केळना नदीकाठी आहे. आधीचा अंदाज जवळपास दुप्पट होता. स्टीव्हन्सन अजून पोचायचा होता. त्याला निरोप पाठवून, तो येईपर्यंत थांबावे, तर शत्रू निघून जाणार. वेलस्लीने थांबायचे नाही असे ठरवले.

नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. पण नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे त्याला दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वरूर अशी आहेत. इतक्या जवळच्या दोन गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला आणि तिथे उतार निघाला. केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, असई गावाजवळ, त्या दुपारी लढाई झाली. इंग्रजांचे पंधराशेहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. मराठ्यांची हानी त्याहून मोठी होती आणि त्यांच्या बहुतेक तोफा शत्रूच्या हाती गेल्या. स्टीव्हन्सन पोचला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

असईच्या लढाईचे वर्णन करताना तोफा, पलटणी, शौर्य यांची चर्चा होते. माझे लक्ष मात्र त्या बंजाऱ्यांकडे जाते. त्या मुलखातली अंतरे ज्यांना पायांनी ठाऊक होती, ते तेवढेच लोक होते. नकाशात जे नव्हते ते त्यांच्या बोलण्यातून कळले. आणि असईहून निघालेले विजयाचे पत्र इंग्लंडला जायला कित्येक महिने लागणार होते, कारण जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाई.

तार आणि आगगाडी

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. जहाजाचा प्रवास काही आठवड्यांवर आला, तर तारेचा काही तासांवर. बतूताच्या काळातली दसपट आता शेकडो पटींवर गेली. मराठी घरात 'तार आली' हे शब्द ऐकून काळजात धस्स होण्याचे दिवस तेव्हापासूनचे. वाईट बातमी आधी पोचायची आणि माणूस मागून निघायचा. ती तारसेवा आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मराठवाड्यात माणसाचा वेग वाढायला मात्र वेळ लागला. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८६० च्या दशकात थळघाट चढून मनमाडच्या पुढे गेली. जालना होते निजामाच्या राज्यात. तिथे आगगाडी पोचली ती हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. ही मनमाड ते सिकंदराबाद लाइन मीटर गेजची होती, तर मनमाडहून मुंबईला जाणारी ब्रॉडगेज. रुळांमधले अंतर एके ठिकाणी एक मीटर आणि दुसरीकडे त्याच्या दीडपटीहून थोडे जास्त. त्यामुळे मनमाडला प्रवाशाने गाडी बदलायची आणि जालन्याच्या कापसाच्या गाठी हमालांनी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायच्या.

नकाशावर जालना ते मुंबई ही सलग रेघ होती. प्रत्यक्षात तिच्या मध्यावर मनमाड नावाची गाठ होती आणि ती सुमारे नव्वद वर्षे सुटली नाही. मराठवाड्याच्या विकासासाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली जे लढे झाले, त्यांत ब्रॉडगेजची मागणी ठळक होती. १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हा हा प्रवास साधारण सात तासांवर आला. २०२५ मध्ये ती गाडी नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग शेवटच्या टप्प्यासह पूर्ण झाला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जालना जिल्ह्यातून जातो.

आकाशातली रेघ

आता विमानांकडे येऊ. लंडन ते कराची हवाई टपाल १९२९ मध्ये सुरू झाले. त्याला आठवडाभर लागे. कराचीला उतरलेले टपाल पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाचे पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आणले. त्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या, प्रवासी नव्हते. म्हणजे आकाशाचा वेगही आधी बातमीला मिळाला आणि माणसाला नंतर.

हैदराबाद संस्थानात १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. तिच्यात निजामाच्या रेल्वेचा आणि टाटांचा वाटा होता. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. दरम्यान जून १९४८ मध्ये एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९६० मध्ये जेट विमाने आली आणि मुंबई-लंडन प्रवासाचा वेळ अर्ध्यावर आला.

विमानाचे अंतर मोजताना पृथ्वीचा गोल आकार लक्षात घ्यावा लागतो. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ ओढली तर ती अटलांटिकवरून आडवी जाते. पण गोलावर दोरा ताणून धरला तर तो उत्तरेकडे झुकतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. विमान साधारण तोच धरते, मात्र वाऱ्याचा विचार करून. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून अमेरिकेहून येताना वेळ कमी लागतो आणि जाताना जास्त. खलाशांचा वारा सुटला म्हणावे, तर तो वर आकाशात भेटतोच.

आणि राजकारणही भेटते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दोन विमानतळांमधले अंतर एका किलोमीटरनेही वाढले नाही, पण पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक भारतीय विमानांचा वेळ वाढला. आडवाटेने जायला लावणारे चौकी-पहारे जमिनीवरून ढगांत गेले, एवढाच फरक.

टोकांना उरलेले अंतर

जालना जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जालनेकरांचा विमानतळ म्हणजे चिकलठाणा. तिथून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण २८० किलोमीटर. ताशी आठशे किलोमीटर वेगाने हा वीस-एकवीस मिनिटांचा हिशोब. पण विमानाला धावपट्टीकडे जायला, चढायला, उतरायला, मुंबईवर जागा मिळायला वेळ लागतो. म्हणून वेळापत्रकात तासाभराचा प्रवास लिहिलेला असतो. त्याआधी दीड-दोन तास विमानतळावर हजर राहायचे, त्याआधी तासभर जालन्याहून निघायचे. मंठा किंवा घनसावंगीच्या माणसाने त्याहून आधी. वीस मिनिटांच्या अंतराला अर्धा दिवस लागतो.

चिकलठाण्याच्या आठवणीत एक काळा दिवसही आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान उड्डाण करताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला आदळले, पुढे विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. विमानात ११८ जण होते. ५५ जणांचा मृत्यू झाला. नंतरच्या चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नाही, याकडेही बोट दाखवण्यात आले. पेरिप्लसच्या काळापासून आपल्या भागातून माल गाड्यांवर लादून बंदराकडे निघत आला आहे. त्या दुपारी तो जुना वेग आणि हा नवा वेग एकाच जागी, एकाच क्षणी आले आणि मध्ये फाटक नव्हते.

आता पुन्हा त्या अंगणात येऊ. थोरल्याचा हिशोब कागदावर मांडू. न्यूयॉर्क ते मुंबई १२,५०० किलोमीटर, पंधरा तास. मुंबई ते जालना सुमारे चारशे किलोमीटर, बाहेर पडण्याच्या वेळेसह सात-आठ तास. म्हणजे एकूण अंतराचा शेवटचा तीन टक्के तुकडा एकूण वेळेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खातो. दोन हजार वर्षांत मधला समुद्र आटला म्हणावा इतका लहान झाला. उरले ते टोकांचे अंतर: घर ते विमानतळ आणि विमानतळ ते घर.

आणि उरली ती बातमी-माणसामधली दरी. बतूताच्या काळात बातमीला पाच दिवस लागत तेव्हा माणसाला पन्नास. आज बातमीला दोन सेकंद आणि माणसाला चोवीस तास. दोन्हींचा वेग वाढला, पण बातमीचा इतका वाढला की मधली दरी प्रमाणाने पूर्वीपेक्षा कितीतरी रुंद झाली. पूर्वी परदेशी असलेल्या मुलाला वडील गेल्याचे कळायचे ते तेरावे उरकल्यावर. तो तिथेच स्नान करून मोकळा व्हायचा. पोचण्याची शक्यताच नव्हती, म्हणून न पोचल्याचा दोषही नव्हता. आता शक्यता आहे. म्हणून पेटीतला बर्फ बदलत वाट पाहायची, आणि त्यानेही तिकडे विमानात बसून समोरच्या पडद्यावरचे उरलेले किलोमीटर पाहत राहायचे.

'जग जवळ आले' असे आपण सहज म्हणतो. जवळ आली ती बातमी. माणूस अजून मजल दरमजल करीतच येतो, फक्त त्याच्या मजला लांब झाल्या आहेत. शेवटची मजल मात्र तीच जुनी: नाक्यावर उतरायचे, गल्लीत वळायचे आणि अंगणातल्या सतरंजीपर्यंत चालत जायचे. तेवढे अंतर हाकेचे असते. पण हाक मारणारे माणूस तोवर गेलेले असते.